चुलीवरची फणसाची फळी

मामींचा फोन आला तेव्हा मी तंबोराच लावत होते. “तुजा मामा न्हाई गो आता,” एवढंच त्या म्हणाल्या. खुंटीवरचा हात तिथेच राहिला... त्याला आता महिना होऊन गेला. अजूनही तंबोरा मांडीवर घेतला की आधी मामांचा आवाज येतो, मग षड्ज.

कुंभारवाडा गावाकडे मामांची भातशेती, आणि हौस तंबोरे करण्याची. परसातला फणस वाऱ्याने पडला, त्यातून त्यांनी मला तंबोरा करून दिला. खालचा भोपळा लाकडाचा आणि त्यावरची तबली, म्हणजे तारांखालचं पातळ झाकण, तेही अखंड फळीचं. उन्हाळाभर तो असा घुमला की रामनगरच्या आमच्या भजनी मंडळातल्या बायका गाणं विसरून त्याच्याकडेच बघत बसत. पण आमच्याकडचा पाऊस! जिथे भिंतींना बुरशी येते तिथे फणसाची काय कथा? श्रावणात तबली फुगली आणि दसऱ्यानंतर वाळता वाळता मधोमध तडकली. मामांनी दुरुस्त केली. पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

“मामा, प्लायवूड बसवा की. पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, फुगत नाही म्हणे.”

मामींना सवत आणा म्हटल्यासारखे मामा माझ्याकडे बघत राहिले. “लाकूड जित्तं हाय गो. पानी पितंय, ऊन खातंय, म्हून तर बोलतंय. प्लाय म्हंजे निस्ता डिंक.”

हट्टी माणूस! आणि भाचीही मामाच्याच वळणावर गेलेली. “मग मी गातच नाही,” म्हणून तंबोरा गवसणीत घातला. त्यात राग कमी आणि कंटाळा जास्त होता. भजनालाही जाईनाशी झाले.

पुढच्या आषाढात मामा स्वतःच दारात उभे! छत्री डोक्यावर कमी आणि काखेतल्या प्लायवूडवर जास्त. ओसरीवर बसून त्यांनी तबली बसवली, तारा छेडल्या. आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, तोकडी पडली होती, दोघांनाही ते ऐकू आलं.

“वाजतंय की,” मामा म्हणाले. “तुजं गानं बंद पडाय नगो. घरात चुलीवर फळी टाकलीया. ती मुरंस्तवर हिच्यावर भागीव.” मला रडूच आलं.

धुरावर मुरलेलं लाकूड लवकर फुगत नाही, म्हणून ती फळी चुलीवरच्या आडव्या काठ्यांवर ठेवलेली. मी गेले की मामा ती खाली काढत, बोटाच्या पेराने ठोकत, कान लावत. मला ती ठणठणीत वाटायची. “अजून वलं हाय,” ते म्हणत. “फुडच्या खेपंला बगू.” म्हणून मी पुढच्या खेपेला जात राहिले. फळी काळी होत गेली.

परवा मामींना भेटायला गेले. घरात गॅस येऊन काळ लोटला, तरी चूल पेटलेली.

“एकटीसाठी कशाला चूल, मामी?”

“फळी हाय न्हवं वर.”

मग त्यांनीच फळी काढली, पदराने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “ठोकून बग. वाळली असंल तर घिऊन जा. बेळगावात बशीवतील कुनीतरी.” बोलताना त्यांचा हात मात्र फळीवरून सुटत नव्हता. मी तो हळूच बाजूला केला आणि ठोकलं. स्वच्छ, लांबलचक नाद निघाला... मामा लावत तसाच मी कान लावून बसले.

“अजून वलं हाय, मामी,” मी म्हणाले. “फुडच्या खेपंला बगू.”

“व्हय, व्हय,” म्हणत त्यांनी लगबगीने चुलीत लाकूड सरकवलं.