शिक्षिकेच्या केसांचं घरटं

"दुसरे मूठभर केस मिसळ आणि मोकळी हो! कोण बघायला येतंय?" काकू आत्याला म्हणाली.

"वहिनी, कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी स्वतःची वेणी कापून दिलीय तिने मला. त्यात परके केस? माझ्या हातून नाही व्हायचं."

"मग चिमणी नेत होती तेव्हा काय डोळे मिटून बसली होतीस?"

माझी आत्या केसांचे टोप बनवते. बारीक आकड्याने एकेक केस जाळीत गुंफते. एकीच्या टोपात दुसरीचा केस तिने कधी जाऊ दिला नाही. या वेळी एका शिक्षिकेचे केस धुऊन तिने खिडकीत वाळत ठेवले आणि चिमणीने त्यातले झुपके पळवले. टोप कपाळाशी अपुरा पडला. चौफेर काचेच्या इमारती, झाड औषधालाही नाही; तिथे पाखराची धास्ती कोण धरणार?

घरटं एसीच्या मागे सापडलं. हातात लांब चिमटा घेऊन आत्या खिडकीतून वाकली आणि तशीच थांबली.

"काय गं?" काकूने विचारलं.

"पिल्लं आहेत. उघडीवाघडी. तिच्याच केसांवर झोपलीत."

काकूनेही मान बाहेर काढली. "अगं बाई, टकली गं सगळी!" ती हसली आणि लगेच तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "घरटं तुझ्याने मोडवत नाही, परके केस मिसळवत नाहीत. त्या पोरीला सांगणार काय आता?"

आत्याने अपुरा टोप डब्यात ठेवला, डबा आणि शिक्षिकेच्या पत्त्याची चिठ्ठी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि "जे झालं तेच," म्हणत ती जिना उतरू लागली.