अप्पांची हिरव्या फितीची पदकं

माझे वडील इंग्रजांची पदकं जमवायचे. त्यापायी त्यांच्या सख्ख्या भावानं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

अप्पांना जाऊन आज वर्ष झालं.

बँकेतून रिटायर झाल्यावर हा नाद लागला. इंग्रजांच्या राज्यात गोऱ्यांच्या व्हॉलंटियर पलटणी असायच्या. खरी फौज नव्हे. आठवडाभर रेल्वेत नाहीतर चहाच्या मळ्यावर नोकरी, रविवारी वर्दी घालून परेड. वर्षानुवर्षं हे केलं की अफसरांना चांदीचं पदक मिळायचं, हिरव्या फितीचं.

मागे नाव कोरलेलं. अप्पा भिंग लावून मोठ्यानं वाचायचे.

"हे कोण होते अप्पा?"

"पता नाही गं."

"मग घेतलं कशाला?"

"चहा टाक जरा."

इथपर्यंत ठीक होतं.

पण आमच्या आजोबांना तरुणपणी एका मिरवणुकीत असल्याच पलटणीतल्या कोणीतरी बंदुकीच्या दस्त्यानं मारलं होतं. त्यांचा उजवा हात जन्मभर खांद्याच्या वर गेला नाही. शर्टसुद्धा आजी घालून द्यायची.

काकांनी पदकं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा दारातच उभे राहिले.

"बापाला मारणाऱ्यांचे तमगे घरात ठेवतोस?"

अप्पा हळूच म्हणाले, "मारणारा कोण होता, हे कुठे माहीत आहे आपल्याला?"

काका तसेच नानाखेड्याला आपल्या घरी परत गेले. नंतर माधव नगरच्या आमच्या घरी कधी आले नाहीत. दिवाळीलाही नाही.

अप्पा त्या माणसाचं नाव शोधत होते का? मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

अप्पा गेले त्या दिवशी काका आले. खांदा दिला.

अस्थी शिप्रेत सोडून घरी आलो, तर म्हणाले, "ते तमगे दे इकडे."

मला वाटलं, फेकणार आता. आई म्हणाली, "देऊन टाक. भावाभावांचं आहे, आपण बीच में कशाला पडायचं."

दिले.

दिवाळीत मी फराळ घेऊन काकांकडे गेले. बैठकीत काचेची फ्रेम. आत काळ्या मखमलीवर सगळी पदकं ओळीनं लावलेली. फ्रेम टांगली होती आजोबांच्या फोटोखाली.

मी बघतच राहिले. "काका, हे काय?"

"काही नाही. तिथे जागा होती."

काकू मान हलवत आत गेल्या. त्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं म्हणे.

गेल्या हफ्त्यात काकांचा फोन आला. "इंदूरला एकाकडे एक बघितलंय. हिरव्या फितीचं. नाव साफ वाचता येतंय. घेऊ का?"

"मला काय विचारता काका, मला त्यातलं काय कळतं?"



"मग आता कोणाला विचारू?"

अप्पा, मला खरंच काही समजत नाही. तुमचंही नाही, काकांचंही नाही.

मी त्यांना हो म्हणून सांगितलंय.

नमस्कार करते, अप्पा.