शेजारच्या बागेतला वारा

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका वाचनालयात चंदना मोहिते नोकरीला लागली, तेव्हा भर एप्रिलातही तिथे कुणी पंखा लावत नसे. इमारत वास्तुविशारद उपेंद्र जगताप यांची. मातीच्या विटा, मागच्या भिंतीला जाळी, छताला उंच झरोके. मागच्या बागेतला वारा जाळीतून आत यायचा, तापलेली हवा वरून निघून जायची. पुढे उपेंद्रअण्णांचं नाव देशभर झालं. घरं आणि शहरं ऊन-वारा बघून बांधावीत, हे त्यांनी कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं. चंदनाचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. दोन्ही भाषांत ती आल्यागेल्याला ऐटीत सांगायची, "आमच्याकडे एसी लागत नाही."

मग मागची बाग विकली गेली. तिथे काचेची उंच इमारत आली आणि वारा थांबला. दुपारी त्या काचांवरचं ऊन वाचकांच्या टेबलांवर पडू लागलं. लोक कमी होत गेले. एकदा रोज पेपर वाचायला येणारे नागनाथमामा खुर्चीतच कोसळले. दवाखान्यातून ते सुखरूप परतले, पण कार्यकारिणीने ठरवलं: जाळी काचेने बंद करायची, एसी बसवायचा.

चंदना उपेंद्रअण्णांकडे धावली. "अण्णा, तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकतील."

अण्णा काठी टेकत आले. जाळीच्या फटीपुढे हात धरून बसले. कपाळावरून घाम ओघळत होता.

"बसवू दे एसी," ते म्हणाले.

"तुम्हीच असं म्हणता?"

"माणसं भाजायला नाही बांधलं हे. वारा शेजाऱ्याचा होता, चंदना. तो कायमचा मिळेल, असं मी धरून चाललो. इमारत मागायला खूप जण आले माझ्याकडे. दोन इमारतींच्या मध्ये काय राखायचं, ते कुणी विचारलं नाही. मीही फार भांडलो नाही."

चंदनाला त्यांचा राग आला. त्यांना रिक्षात बसवून ती लगेच आत वळली.

एसी लागला, वाचक परतले. "बरं झालं बघ," नागनाथमामा म्हणाले. तिलाही गारव्यात बरं वाटायचं आणि तसं वाटल्याचं वाईट वाटायचं. एसीची गरम हवा अंगणात यायची. तिथे आता कुणी बसेना.

शेवटी ती अण्णांना भेटायला गेली.

"गार आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आत आहे. अंगणात उभं राहवत नाही." मग ती म्हणाली, "वाचनालयाच्या डावीकडचा बंगलाही विकायला काढलाय, अण्णा. या वेळी आधीच मालकाला भेटू या? थोडी जागा मोकळी सोडा म्हणू."

"ऐकणार नाही तो."

"सरी, नाही तर नाही. तरी जाऊ."

दोघं गेले. मालकाने कॉफी दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अण्णांच्या पाया पडला. आणि पावसाळा संपायच्या आत बंगला बिल्डरला देऊन टाकला.

अण्णांना ते कसं सांगावं, हे चंदनाला अजून सुचलेलं नाही.