रफूवालीचा प्रार्थनाविषय

रफूवाली मावशीच्या हाताला तोड नव्हती. कोटाच्या बाहीला सिगारेटनं पडलेलं भोक असो की उंदरानं कुरतडलेली शाल, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायची आणि भोक असं बुजवायची की मालकालाच ते बोटानं चाचपून शोधावं लागे. स्वतःच्या तोंडाला टाका मारणं मात्र तिला कधी जमलं नाही.

आता ती चहाडखोर होती असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं. उभ्या आयुष्यात तिनं कुणाची निंदा केली नाही. ती फक्त प्रार्थनेला विषय द्यायची. दर रविवारी चर्चमध्ये उपासनेच्या वेळी पाळकसाहेब विचारत, "कुणाची काही विनंती?" आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून मावशी उभी. ती ज्या दुकानात रफू करायची त्याच्या मालकाचं मूळव्याधीचं ऑपरेशन, गाणाऱ्या मुलींपैकी एकीचं मोडलेलं लग्न, खजिनदाराच्या सासूचं रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणं, सगळं डोळ्यांत पाणी आणून सांगायची. आणि नुसतं सांगून थांबायची नाही हो, घरी जाऊन त्या प्रत्येकासाठी तासभर प्रार्थनाही करायची. तरुण पोरांनी तिचं नाव 'दवंडी' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. "देवाच्या कामाची दवंडी, त्यात लाज कसली," म्हणायची.

तिला एकच मुलगी. बालवाडीत शिकवायची. जावई घर सोडून भावाकडे राहायला गेला, तेव्हा मुलीनं फोनवर तेवढंच सांगितलं आणि वर म्हणाली, "आई, हे तुझ्यामाझ्यात राहू दे."

मावशीनं शब्द दिला. चार दिवस पाळलाही. त्या चार दिवसांत तिला ना घास गोड लागला ना डोळ्याला डोळा लागला. पाचव्या दिवशी महिला मंडळाच्या बैठकीत माइक हातोहात फिरत तिच्याजवळ आला आणि बांध फुटला. नाव घेतलं नाही तिनं, "माझ्या अगदी जवळच्या एका मुलीचा नवरा घर सोडून गेलाय, तिच्या संसारासाठी" एवढंच म्हणाली. आता मावशीच्या जवळच्या मुली किती, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

सोमवारी बालवाडीच्या फाटकात एका विद्यार्थ्याच्या आईनं मुलीचा हात धरला. "बाई, आम्ही सगळ्या तुमच्यासाठी गुडघे टेकतोय. येतील ते परत."

शाळा सुटल्यावर मुलगी तडक आईच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"मी कुणाला सांगितलं गं?" मावशी म्हणाली. "मी देवाला सांगितलं."

"देवाला ऐकू येतं, आई. त्याला माइक कशाला लागतो?" मुलगी म्हणाली. "परक्यांच्या कोटाचं भोक तू कुणाला दिसू देत नाहीस. माझी अब्रू मात्र वेशीवर टांगलीस."

त्या दिवसापासून मुलीनं येणं सोडलं. फोन उचलेना, उपासनेला दिसेना. तिसऱ्या बाकावर मावशीच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. असे तीन महिने गेले. मावशी वाळून काटकी झाली. शेवटी तिनं पाळकसाहेबांना गाठलं आणि म्हणाली, "माझ्या लेकीनं माझ्याशी बोलावं, असा विषय पुढच्या रविवारी घ्याल का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मावशी, हेही माइकवरून सांगायचं का?"

आपण काय करून बसलो, ते मावशीला तेव्हा कुठं उमगलं. तिथल्या तिथं तिला ढसाढसा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती मुलीच्या घरी गेली. तीन मजले. प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबली, वरून उतरणाऱ्या बाईला म्हणाली, "काही नाही, दम खातेय." मुलीनं दार उघडलं, तशी उंबऱ्याबाहेरूनच मावशी बोलली, "माझं चुकलं. तुझं ओझं मला पेलवलं नाही म्हणून मी ते वाटत सुटले. आणि वर देवाचं नाव पुढं केलं, ते जास्त चुकलं."

मुलीनं तिला आत घेतलं, चहा दिला. कप हातात देताना त्याचा कान आईच्या बाजूला फिरवून दिला, लहानपणी आईच तिला द्यायची तसा. मावशी तेवढ्यावर महिना काढणार होती, आणि काढलाही.

मग एका दुपारी मुलगी दुकानात आली. पिशवीतून एक कोट काढून मावशीपुढं ठेवला. जावयाचा. कोपरावर फाटलेला. मावशीच्या जिभेवर शंभर प्रश्न आले. तिनं कोट उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "परवा देते."

मुलगी स्टुलावर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "दर रविवारी संध्याकाळी येतो. आम्ही बसतो, बोलतो. अजून काही ठरलेलं नाही, आई."

"बरं," मावशी म्हणाली. एवढं आखूड उत्तर तिनं जन्मात दिलं नव्हतं.

त्या रविवारी मुलगी उपासनेला आली आणि तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसली. सगळ्या मंडळीच्या माना वळल्या. खजिनदाराची बायको मागून कुजबुजली, "ऐकलं वाटतं देवानं?" मावशीच्या पोटात आनंद मावेना. दुःख गिळायला ती कशीबशी शिकली होती, पण आनंद गिळायचा म्हणजे त्याहून कठीण. इतक्या बायकांनी प्रार्थना केली, त्यांना दोन शब्द कळू नयेत?

"कुणाची काही विनंती?" पाळकसाहेबांनी विचारलं.

आणि इतक्या वर्षांची सवय, मावशी उभी राहिली. राहिल्यावर तिच्या लक्षात आलं. शेजारी मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. माइक हातात आला. सगळं चर्च कान टवकारून बसलं होतं.

"माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मागच्या बाकांवर पोरं खुसखुसली. पाळकसाहेबांनी मात्र मोठ्या गांभीर्यानं मावशीच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

गीत सुरू झालं तेव्हा मुलगी आईच्या कानाशी वाकली. "गुडघे खरंच दुखतात?"

"चार वर्षं झाली."

"मग कधी बोलली नाहीस?"

"सगळ्यांचं सांगता सांगता राहूनच गेलं गं," मावशी म्हणाली.

मुलीनं गीताचं पुस्तक मिटून ठेवलं आणि आपला तळवा आईच्या गुडघ्यावर ठेवला. शेवटच्या कडव्याला सगळे उभे राहिले, तेव्हा त्या दोघी बसूनच होत्या.