नॉर्मनचं घरचं नेट

फणसवाडीतला नॉर्मन परळच्या ऑफिसचा सर्व्हर घरूनच सांभाळतो. चोरबीर नको, म्हणून लॉगिन फक्त घरच्या नेटवरून होईल असा बंदोबस्त त्यानेच केलेला. आज सकाळी सर्व्हरने त्यालाच दारात उभं केलं नाही. परळला धावावं, तर आई ओल्गाच्या वाढदिवसाचं जेवण हुकणार. पासवर्ड बरोबर, लॅपटॉप बरोबर. मग आठवलं, घरचं नेट म्हणजे खालच्या आनंदीबाईंचं वायफाय!

"काकू, नेटला काही केलंत?"

"कंपनी बदलली रे. पण नाव, पासवर्ड तेच ठेवायला लावलं, तुला त्रास नको म्हणून!"

"अहो, सर्व्हर नाव नाही, कंपनीने दिलेला नेटचा पत्ता बघतो! जुन्या कंपनीचा वायफायचा डबा चालतो ना अजून? पाच मिनिटं लावा, प्लीज!"

काकूंनी लावला. नॉर्मन आत शिरला आणि आधी सर्व्हरला नव्या नेटची ओळख करून दिली.

"झालं? मग जेवायला किती वाजता येऊ?"