मीटरकडची चार बोटं

सायकलच्या पिवळ्या ग्रीसचा वास आला की साकीनाक्याचं ते पत्र्याचं गॅरेज आठवतं आणि तोंड कडू होतं. चाळीसएक वर्षं झाली. वडिलांच्या जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा थरथरायचा, म्हणून तिथल्या मालवणी मिस्त्रींनी केबलमधली तार काढून रॉकेलने धुतली आणि तिला काळं ग्रीस लावलं. "तारेची मीटराकडची चार बोटां सुकीच ठेवायची हां, नायतर ग्रीस वर चढता," असं त्यांनी मला बजावलंही. पण मी नुकताच इंजिनिअर झालेलो, मला कोण शिकवणार! पुढच्या रविवारी वडिलांना न सांगता घरीच तार ओढून काढली आणि सायकलचं ग्रीस पार टोकापर्यंत चोपडलं. आठवड्याभरात काटा चाळीसवर चिकटला. वडील मला घेऊन तडक गॅरेजात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रींना नाही नाही ते बोलले. मिस्त्रींनी मीटर उघडला, तर आत सगळं पिवळं. त्यांनी ते बोटावर घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "माझा चुकला, साहेब. उद्या घेवन जावा." परत येताना वडील म्हणाले, "या लोकांवर विश्वास ठेवायची सोयच नाही रे," आणि मी मान डोलावली. आता वडील नाहीत, मिस्त्रीही नसतील. त्यांची ती नजर मी एक वेळ विसरेन, पण परत येताना मी डोलावलेली मान काही केल्या विसरता येत नाही.