गळ्याशी लावलेलं बटण

सरांचा हात शर्टाच्या सगळ्यात वरच्या बटणाकडे गेला, की आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागायचो. एरवी त्यांची कॉलर सताड उघडी असायची. हैदराबादच्या उन्हाळ्यात दुसरं काय करणार माणूस? पण कुणाची वाईट बातमी हाती आली की सर ते बटण गळ्याशी घट्ट लावायचे आणि नाच संपेपर्यंत काढायचे नाहीत. नाच संपला, आमचा घाम पुसून झाला, की बटण काढायचे आणि मग सांगायचे. "आधी नाच, मग वाईट," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आजही कुणी गळ्यापर्यंत बटण लावलेला माणूस दिसला तर मी दोन पावलं लांबून जाते.

नारायणगुड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी आम्ही देशोदेशीचे लोकनाच नाचायचो. हसू नका. माझे यजमानही हसायचे, "बँकेत दिवसभर उभी असतेस, आता रविवारीही उभंच राहायचंय का?" म्हणायचे. शेतीच्या संशोधनासाठी आलेलं एक परदेशी जोडपं होतं, त्यांनी हे खूळ इथं लावलं. ते मायदेशी परतले आणि जाताना टेपरेकॉर्डर व कॅसेटींनी भरलेली ट्रंक सरांच्या गळ्यात घातली. सर सरकारी हायस्कुलात भूगोल शिकवायचे. स्वतः नांदेडच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण बल्गेरियाचा नाच सुरू करायच्या आधी बल्गेरिया कुठं आहे ते फळ्यावर काढून दाखवायचे. "नाचायचं त्या गावाचा पत्ता तरी माहीत पाहिजे की नको?"

आमच्यात तेलुगू होते, मराठी होते, दोन गुजराती जावा होत्या. एका रविवारी ग्रीसचा नाच, तर पुढच्या रविवारी इकडचा टिपऱ्यांचा कोलाटम किंवा लंबाड्यांचा. सगळे हात धरून गोल करायचे आणि सर मध्ये उभे राहून बातम्या सांगायचे. आधी घरच्या बातम्या, मग बाहेरगावच्या नाचणाऱ्यांच्या, मग येणारे कार्यक्रम. बंगलोरची मंडळी संक्रांतीला येणार आहेत, कुणी कुणी उतरवून घेणार ते सांगा. पुण्याला उन्हाळ्यात शिबिर आहे, सतरंजी आपापली न्यायची. थोरल्या जावेला नात झाली, पेढे टेबलावर आहेत, नाचानंतरच खायचे. हे सगळं ते आकाशवाणीवर असल्यासारखं खणखणीत सांगायचे, आणि आम्ही हात न सोडता ऐकायचो.

वाईट बातमी शेवटी सांगायची रीत त्यांनी मुद्दाम पाडली होती. सुरुवातीच्या दिवसांत आमच्यातले एक म्हातारे काका वारले, तेव्हा सरांनी ते आल्याआल्याच सांगून टाकलं. गोल मोडला, जो तो मान खाली घालून घरी गेला. सरांना ते फार लागलं. "घरी जाऊन एकेकटे रडले सगळे. त्यापेक्षा आधी नाचू द्यावं. घामेजलेल्या माणसाला दुःख जरा सोसतं," असं ते म्हणायचे. आम्हाला पटलं. खरं सांगते, बरेच दिवस ते बरोबरच वाटत होतं. कुणाच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती म्हणून गोड बोलून घरी बसवलं, कुणाचं दुकान हिमायतनगरच्या नव्या चकचकीत दुकानांपुढं बसलं, असल्या बातम्या त्या काळात फार यायच्या. नाचून दमलेले आम्ही त्या माणसाभोवती तसेच ओले उभे राहायचो, आणि त्याला एकट्याला घरी जावं लागायचं नाही.

एकदा तर गंमतच झाली. सर आले ते बटण लावूनच. त्या दिवशी आमचे पाय जड झाले होते. प्रत्येकजण मनात आपापल्या घरचे आजारी मोजत होता. नाच संपला तरी सर बटण काढेनात. शेवटी मीच तडकले, "सर, काय ते सांगून टाका एकदाचं, जीव जायची वेळ आली!" तर सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काही नाही हो ताई, घसा धरलाय." आमच्यातले रेड्डीगारू खुर्चीत बसून पोट धरधरून हसले. पुढं कित्येक दिवस सरांना बघितलं की विचारायचे, "क्या सर, गला या खबर?"

मालती आमच्यात सगळ्यात सुंदर नाचायची. बरकतपुऱ्याची, सरांच्याच मागच्या गल्लीतली. तिचे यजमान तिला स्कूटरवर आणून सोडायचे आणि नाच संपायच्या आधीच फाटकापाशी घ्यायला उभे राहायचे. आत या म्हटलं तर "मला नक्को बाबा, मी बघणाराच बरा," म्हणायचे. ती नाचताना ते फाटकातून मान उंच करून बघायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या रविवारी शेवटचा नाच चालू होता. हळू सुरू होऊन वाढत वाढत जाणारा, सरांचा सगळ्यात आवडता. सर मध्ये उभे राहून टाळ्यांनी ताल देत होते. तेवढ्यात शाळेचा वॉचमन यादगिरी दारात आला आणि सरांच्या कानाशी लागला. सरांनी ऐकलं, मान हलवली, आणि बटण लावलं. मग पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.

बघितलं आम्ही सगळ्यांनी. मालतीनंही बघितलं. माझा हात तिच्या हातात होता, तो तिनं जरा दाबला आणि पुटपुटली, "अगंबाई, कुणाचं असेल गं?" नाच वेगात आला होता, थांबणार कोण? नाच संपला की कळेलच, असं म्हणून आम्ही तो जोरात पुरा केला. ती शेवटच्या उडीला हसत होती.

सरांनी बटण काढलं आणि सांगितलं, "मालतीबाई, घरून फोन होता. यजमानांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात नेलंय. या म्हणाले."

मालतीचा चेहरा मी विसरू शकत नाही. यादगिरी दारातूनच बोलला, "जल्दी भेजो बोले थे साब, मैं बोला ना आपकू." ती चपला तिथंच टाकून धावली. रिक्षात मी तिच्याबरोबर होते. पोचलो तर तिचा दीर जिन्यातच बसलेला. आत्ताच गेले, म्हणाला. शेवटपर्यंत विचारत होते, मालती आली का, मालती आली का.

तेरावं झाल्यावर सर तिच्या घरी गेले. मीही गेले होते. सर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. मालती शांतपणे म्हणाली, "सर, ते माझी वाट बघत होते. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात." मला राग आला होता त्यांचा, खूप आला होता, आणि त्याच वेळी त्यांचं ते दारात उभं राहणं बघवतही नव्हतं. मालती नाचाला आली नाही ती नाहीच.

त्यानंतर सरांनी ते बटण कधी लावलं नाही. डिसेंबरात खोकत असले तरी कॉलर उघडी. गोलात येणंही सोडलं. रविवारी आले की सरळ शाळेच्या ऑफिसात जाऊन टेलिफोनशेजारी स्टुलावर बसायचे. घंटी वाजली की पळत यायचे आणि टेप बंद करायचे, मग नाच कितीही रंगात आलेला असो. "रेड्डीगारू, घरून फोन. येताना दही आणायचंय." दह्यासाठी नाच बंद! मग टेप अर्ध्यातून लावायचे, कुठलं पाऊल उचलायचं ते टाळी वाजवून सांगायचे आणि पुन्हा स्टुलावर. एकदा तर राँग नंबर लागला म्हणून बंद केला. पहिल्यांदा आम्ही हसलो, मग वैतागलो, मग गप्प बसायला शिकलो. कारण टेप बंद करताना ते प्रत्येक वेळी धापा टाकत असायचे, आणि बातमी दह्याची निघाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

बातम्या सांगायला मग कुणी उरलं नाही. धाकट्या जावेनं करून बघितलं, पण तिला पुण्याचं शिबिर कधी आहे हेच आठवेना. बंगलोरची मंडळी एका संक्रांतीला येऊन गेली आणि आम्हाला पत्ताच नाही. घरोघरी केबल आलं, पोरं एकेक करून अमेरिकेला निघाली, मागून आईबापही बाळंतपणाला म्हणून जाऊन सहा सहा महिने येईनात. सरांचा मुलगाही तिकडंच. शाळेनं हॉल कॉम्प्युटरच्या क्लासला द्यायचं ठरवलं होतं, तरी यादगिरी आम्हाला रविवारी कुलूप काढून द्यायचा. गोल इतका लहान झाला होता की हात ताणून धरावे लागायचे.

एका रविवारी सर आले नाहीत. ऑफिसातलं स्टूल रिकामं होतं. येतील म्हणून आम्ही सुरू केलं, तोच त्यांचा आवडता नाच. अर्ध्यात आलो आणि दार उघडून मालती आत आली. इतक्या वर्षांनी. केस विस्कटलेले, पदर कसाबसा खोचलेला. कुणाकडं न बघता ती सरळ टेपरेकॉर्डरपाशी गेली आणि बटण दाबलं.

"सर माझ्या गल्लीच्या तोंडाशी पडले. भाजीवाल्यानं हाक मारली, मीच दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर म्हणतात असेल त्याला बोलवा. माझा दीर बसलाय जवळ. चला."

रेड्डीगारू भला माणूस, पण सवयीपुढं कुणाचं चाललंय? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अम्मा, बस ये एक हो जाने दो..." आणि स्वतःचेच शब्द कानी पडताच त्यांनी शेजारच्यांचे हात सोडले.

मालती म्हणाली, "म्हणूनच मी फोन नाही केला. स्वतः आले."

आम्ही अनवाणीच निघालो. रिक्षांतून उतरून वॉर्डात घुसलो तेव्हा नर्स ओरडली, एवढी माणसं नाही चालत म्हणून. मालती तिला म्हणाली, "ह्यांचं दुसरं कुणी नाही इथं," आणि पुढं झाली.

सर पलंगावर लहानसे दिसत होते. आम्हाला बघून त्यांचा हात गळ्याशी गेला आणि बोटं बटण शोधायला लागली. दवाखान्याच्या त्या अंगरख्याला कॉलरच नव्हती. मालतीनं तो हात धरून खाली आणला आणि तसाच धरून ठेवला.

"नाच?" सरांनी विचारलं. आवाज कसला, नुसती हवा.

"अर्ध्यातच बंद केला," ती म्हणाली. "माफ केलं असं मी म्हणणार नाही, सर. तेवढं मोठं मन नाही माझं. पण तुम्हाला वाट बघायला लावली नाही."

सर रडले. हुंदका द्यायचीही ताकद नव्हती, नुसतं पाणी कानाकडे ओघळत राहिलं. मालतीही रडत होती, पण तिनं हात सोडला नाही. दुसऱ्या बाजूचा हात मी धरला, माझा रेड्डीगारूंनी, आणि पलंगाभोवती जसा जमेल तसा गोल झाला. सोमवारी सकाळी सर गेले.

पुढच्या रविवारी मालती आली. गोलाच्या मध्ये उभी राहिली आणि सर गेल्याची बातमी तिनं आधी सांगितली, आम्हा सगळ्यांना ठाऊक असलेली. मग वाकून टेप सुरू केली. कॅसेट कुणी मागं फिरवलीच नव्हती. गाणं अर्ध्यातूनच लागलं, वेगात. आम्ही हात धरून तसेच उभे राहिलो. तिथून पाऊल कुठलं उचलायचं ते सरच टाळी वाजवून सांगायचे.